बापाने खाल्लेले बम्प्स

राणीने आपल्या भावाला रागाच्या भरात मारलं, की भाऊच आपणहून तिच्या तलवारीसमोर उभा राहिला, या प्रश्नावरून नाशिकरोडला एका जिम ट्रेनरने एका बँकेतल्या क्लार्कचं नाक फोडलं. मी तिथेच होते. राणी खरी नाही, भाऊ खरा नाही, दोघं ज्या चंद्रावर राहतात तो चंद्रसुद्धा खरा नाही. नाक मात्र खरं होतं आणि ते चांगलंच वाहत होतं.

मी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. त्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी आमची बैठक भरायची. अंतराळातल्या सात चंद्रांच्या राज्याची एक सिनेमामालिका आहे. मग त्या सिनेमांवर लिहिलेल्या ढीगभर कादंबऱ्या, आणि तिकडे अमेरिकेत त्याच राज्याचा एक थीम पार्क. एवढ्या भांडवलावर आम्ही आठदहा मोठी माणसं, नोकरीधंद्याची, हप्ते फेडणारी, सकाळपासून दुपारपर्यंत तावातावाने बोलत बसायचो. खाली बसायला जुने फ्लेक्स उलटे अंथरलेले असत. लोक आम्हाला रिकामटेकडे म्हणतात. म्हणू देत, तेच लोक क्रिकेटवरून भावाशी बोलणं टाकतात.

त्या रविवारी जिमवाला म्हणाला, पडद्यावर राणी ओरडत येते आणि भावाला उभा चिरते, विषय संपला. बँकवाला म्हणाला, कादंबरीत स्पष्ट लिहिलंय की भाऊ स्वतः समोर येतो. जिमवाला म्हणाला, "पुस्तकं काय, कोणीही लिहितं. सिनेमा काढणाऱ्या कंपनीनेच सांगितलंय ना, पुस्तकं खरी धरायची नाहीत म्हणून." यावर बँकवाल्याने शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाला, "तुला वाचता येत नाही हे सरळ सांग ना भाऊ." पुढचा आवाज नाकाचा होता. मग दोघं फ्लेक्सवर लोळले, एकाने दुसऱ्याच्या कानाला दात लावले, चहाचे कप उडाले, आणि त्यांना सोडवता सोडवता माझी ओढणी फाटली.

सगळे मारामारी बघत होते. माझी भाची मात्र तिच्या पप्पांकडे बघत होती.

तिचे पप्पा म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा भिंतीला टेकून, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसला होता. कुठे वाद चढला की तो असाच बसायचा. मला ते माहीत होतं, पोरीलाही माहीत होतं. नाक फुटलं तसा त्याचा जबडा हलला, पण हात मांडीखालून निघाले नाहीत. पोरीने हातातला वडापाव पुन्हा खायला सुरुवात केली.

दादाबद्दल मी गोड बोलणार नाही. आमच्या घरात मार ही रोजची गोष्ट होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कामावरून आले की कमरेचा पट्टा काढायचे, आणि तो कपडे बदलण्यासाठी आहे की दादासाठी, हे पट्टा हातात येईपर्यंत कळायचं नाही. मला मुलगी म्हणून थोडं कमी मिळायचं. दादा मोठा झाला, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामाला लागला आणि त्याचा हात सुटला. शाळेत मारामारी केली तेव्हा आई म्हणाली होती, बापावर गेलास. रिक्षावाल्याचा दात पाडला तेव्हा शेजारी म्हणाले, बापावर गेला. हे वाक्य ऐकतच तो वाढला.

मग वहिनी आली. फोनच्या चार्जरवरून झालेल्या भांडणात त्याने तिचं मनगट पिरगाळलं आणि ते मोडलं. तो आवाज मी शेजारच्या खोलीतून ऐकला. एक्स-रे काढायला तिला मीच रिक्षातून नेलं, आणि वाटेत तिने मला एकच विचारलं, "तुमच्यात हे असंच असतं का?" काय सांगणार? हो म्हणाले. प्लास्टर ओलं असतानाच ती पोरीला घेऊन इगतपुरीला वडिलांकडे निघून गेली. बरं केलं. मी तेव्हाही हेच म्हणाले होते आणि दादाच्या तोंडावर म्हणाले होते.

कोर्टाने दादाला रविवार दिला. पोरीचा मामा सकाळी तिला गाडीने नाशिकरोडला आणून सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. एक जरी तक्रार आली तरी हा रविवार बंद, असं जजसाहेबांनी त्याला समोर उभं करून बजावलं होतं. आठवड्यातले बाकीचे दिवस तो त्या एका दिवसासाठी कोळसा ढकलायचा. दारू सोडली, मित्र सोडले, रस्त्यात कोणी गाडीला घासून गेलं तरी मान खाली घालून पुढे जायचा. लोकांना वाटलं पोरगा सुधारला. मला वाटायचं, घाबरलाय. पण घाबरून का होईना, शांत होता.

पहिले काही रविवार दोघांना एकमेकांशी बोलायलाच काही नव्हतं. मॉलमध्ये समोरासमोर बसायचे, ती आइस्क्रीम खायची, तो तिला खाताना बघायचा. मग एकदा ती म्हणाली की मामाच्या लॅपटॉपवर तिने चंद्रांचा दुसरा भाग पाहिला. त्या संध्याकाळी दादा माझ्यासमोर येऊन बसला. "ते चंद्रांचं काय हे, मला सगळं सांग. पहिल्यापासून." दहावी कशीबशी काढलेल्या माझ्या भावाने मग त्या इंग्रजी कादंबऱ्या फोनवर वाचल्या. जेवणाच्या सुट्टीत, काळ्या बोटांनी, प्रत्येक ओळीला डिक्शनरी उघडून. फोनच्या काचेवरची काजळी शेवटपर्यंत गेली नाही. मग रविवारी तो पोरीला घेऊन आमच्या गच्चीवर यायला लागला.

पोरीचे प्रश्नही भारी होते. पहिल्या भागात राणी शत्रूचा एक अख्खा चंद्र उडवून देते. आम्ही मोठी माणसं त्या दृश्याचा आवाज किती दणदणीत आहे यावर वाद घालायचो. पोरीने विचारलं, "पप्पा, त्या चंद्रावर शाळा होत्या का?" दादाने पुढच्या रविवारपर्यंत शोधून काढलं आणि सांगितलं, होत्या.  ती म्हणाली, "मग मुलं?" दादा म्हणाला, "त्या दिवशी सुट्टी होती." तसं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. बँकवाल्याने तोंड उघडलं होतं, मी त्याला असा काही डोळा दाखवला की त्याने ते मिटलं.

आमच्यातला एकच जण थीम पार्कला जाऊन आला होता. सातपूरला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. लेकीकडे अमेरिकेला गेला होता तेव्हा जाऊन आला, आणि आम्ही त्याला पार्कवालाच म्हणायचो. तिथे म्हणे राणीच्या वेशातली बाई लहान मुलांशी हात मिळवत फिरते, आणि संध्याकाळच्या खेळात आकाशात चंद्र फुटतो. लोक टाळ्या वाजवतात आणि खायला जातात. तिथून त्याने राणीची तलवार आणली होती. पातं प्लास्टिकचं, आत दिवा, बटण दाबलं की निळं होऊन घुमायला लागायचं. मूठ मात्र भरीव लोखंडाची, हातोडीएवढी जड. पार्कवाला ती कोणाच्या हाती देत नसे. पोरगी तिच्याकडे नुसती बघत बसायची. दादाने त्याच्या पुष्कळ विनवण्या केल्या, तेव्हा कुठे तो म्हणाला, "बरं, वाढदिवसाला आणतो. केक कापू तिने."

इथे आमच्या शहरातले वाढदिवस कसे असतात ते सांगायला हवं. माझं पोटच त्यावर चालतं. चौकात फ्लेक्स लागतो, एका कोपऱ्यात वाघ, दुसऱ्या कोपऱ्यात गॉगल लावलेला भाऊ. बाइकच्या सीटवर केक ठेवतात, तो तलवारीने कापतात, फेस उडवतात आणि मग बम्प्स. ज्याचा वाढदिवस त्याला हातापायाला धरून उचलायचं आणि ढुंगणावर लाथा घालायच्या. जितका जवळचा मित्र तितकी जोरात लाथ. त्या दिवसांत पोलिसांनी तलवारीने केक कापणाऱ्यांना धरायला सुरुवात केली होती. धरायचे, हात जोडायला लावायचे, कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावायचे. ते व्हिडिओ माझ्या फोनवर रोज यायचे आणि मी हसून पुढे पाठवायचे. शहरातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. तरी आमच्या गच्चीवरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की आपणही तेच करतोय. आमच्या लेखी ती राणीची तलवार होती. चौकातल्या भाईंशी आपला काही संबंध आहे हे आम्हाला सुचलंच नाही.

पोरीचा दहावा वाढदिवस रविवारीच आला. मी सात चंद्रांचा केक सांगितला होता. पोरीने तलवार दोन्ही हातांत धरली, दादाने तिच्या हातांवर आपले हात ठेवले, निळं पातं केकात गेलं आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली. दादाचा असा चेहरा मी लहानपणापासून पाहिला नव्हता. पार्कवाल्याने फोनवर शूट केलं आणि तिथल्या तिथे टाकलं. वर लिहिलं, नाद नाय करायचा.

मग कोणीतरी म्हणालं, बम्प्स? पोरगी लहान, तिला कोण मारणार. जिमवाला हसत म्हणाला, "पोरीचे बापाने खायचे."

सगळे हसले. दादाही हसला. चौघांनी त्याला उचललं आणि लाथा सुरू झाल्या. पहिल्या काही गमतीच्या होत्या, चपलेच्या टोकाने मारलेल्या. पण जिमवाल्याच्या मनात मागचं होतं. आधीच्या रविवारी राणीच्या भावावरून पुन्हा विषय निघाला होता. तेव्हा दादाने कादंबरीतलं पान काढून त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं, आणि पोरीने टाळी वाजवली होती. जिमवाल्याने आता बुटाचा पाय मागे नेला आणि दादाच्या कमरेत घातला. लाथेचा आवाज बदलला ते मला कळलं. ज्या घरात मी वाढले तिथे गमतीचा मार आणि खरा मार कानांनी ओळखता येतो.

"बास आता," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. धरणाऱ्यांनी दादाला खाली टाकलं, आणि खाली पडलेल्या माणसाला बघून त्या बाकीच्यांनाही काय चेव आला कुणास ठाऊक. महिन्याचा पगार घेणारी, आईला दवाखान्यात नेणारी माणसं. बरगड्यांत, मांड्यांवर, पाठीत, दिसेल तिथे घालत होती आणि वर "हॅपी बड्डे" म्हणत होती. मी जिमवाल्याचा शर्ट मागून ओढला, त्याने न बघता कोपर मारलं आणि माझा ओठ फुटला. दादाने हात स्वतःच्या काखेत कोंबले होते. त्याच्या अंगात किती ताकद आहे ते मला माहीत आहे. त्या जिमवाल्याला त्याने एका हाताने कठड्यावरून खाली लोटलं असतं. तो नुसता पडून होता.

पोरगी किंचाळत होती. "पप्पा, मारा ना! मारा त्याला!" दादाने जमिनीवरूनच तिच्याकडे बघून मान हलवली. नाही.

तेव्हा तिने तलवार उचलली. पातं तिने हातात धरलं आणि मूठ फिरवली. जिमवाला वाकला होता, तिला त्याचं कपाळ बरोबर हाताशी आलं. पहिल्या फटक्याला तो नुसता थांबला. दुसऱ्याला कातडी उघडली आणि दोन्ही डोळे रक्ताने भरले. तो मटकन खाली बसला. तिसरा घालायला तिने हात उचलला होता. तिचा चेहरा मी ओळखला. तो अण्णांचा होता. 

दादा कसा उठला माहीत नाही. त्याने आधी तिच्या हातातून तलवार काढून घेतली, मग माझ्या ओढणीने तिचे हात पुसले. आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मी मारलं. सगळ्यांनी ऐकलं ना? मी मारलं." जिमवाल्याला डोळ्यांतल्या रक्तामुळे काही दिसलं नव्हतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. स्वतःच्या लाथा त्यांना आठवत असणार, त्यामुळे त्यांना हा सौदा सोयीचाच पडत होता.

दुसऱ्या दिवशी केकचा व्हिडिओ शहरभर फिरला आणि पोलीस आले. चौकीत हवालदाराने बटण दाबलं, तलवार निळी होऊन घुमली, तिथले सगळे खो खो हसले. मग जिमवाल्याचे टाके समोर आले आणि हसणं थांबलं. तलवार खोटी निघाली म्हणून जे प्रकरण मिटलं असतं ते टाक्यांमुळे अडकलं. आधीच दुखऱ्या पाठीवर दादाला काठ्या बसल्या, आणि नंतर कॅमेऱ्यासमोर हात जोडून त्याने माफी मागितली. हा व्हिडिओसुद्धा माझ्या फोनवर आला. इगतपुरीलाही गेला. त्याच आठवड्यात वहिनीच्या वकिलाने रविवार बंद करण्याचा अर्ज टाकला.

दादाला कूस बदलता येत नव्हती, तरी मी त्याच्याशी भांडले. "खरं सांग कोर्टात. दहा वर्षांच्या पोरीला कोणी काही करणार नाही."

"त्याचं नाय गं," तो छताकडे बघत म्हणाला. "एकदा कळलं ना, की जन्मभर तिला म्हणतील, बापावर गेली. ते ऐकून ऐकून माणूस बापावर जातोच. मला विचार."

"आणि रविवार?"

"जाऊ दे रविवार." असं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मला त्याची दया आली आणि राग तर इतका आला की मी स्वयंपाकघरात जाऊन ताट आपटलं.

कोर्टाने निर्णयाआधी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई आधी पोरीशी एकटीशीच बोलल्या, मग आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. मी गच्चीवर हजर होते म्हणून मलाही. दादा एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला, आणि मधे पोरगी माझ्या शेजारी.

बाई म्हणाल्या, "ही म्हणते, तिने मारलं."

"लहान आहे मॅडम," दादा लगेच म्हणाला. "मला वाचवायला बोलते. खोटं आहे."

पोरगी ताडकन उठली. "मी खोटं बोलत नाही! पप्पा खोटं बोलतायत!" आणि मग माझ्याकडे वळून, "आत्या, तू सांग."

दादा माझ्याकडे बघत होता. नको, असं त्याचे डोळे म्हणत होते. पण आपल्या बापाने आपल्याला खोटारडी म्हटलं, हे घेऊन ती पोरगी घरी गेली असती. मला ते चालणार नव्हतं. मी म्हणाले, "तिनेच मारलं. ते सगळे दादाला तुडवत होते. दादाने एकावरही हात उचलला नाही. शेवटी हिने मारलं."

मी वहिनीच्या तोंडून ते वाक्य यायची वाट बघत होते. ती ते म्हणाली नाही. तिने पोरीला जवळ ओढून खाली बसवलं आणि दादाकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"इतके जण मारत होते, तरी तुम्ही हात उचलला नाही?"

"नाही," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली होती. तीच मला बघवली नाही.

"म्हणजे तुम्हाला जमतं," वहिनी म्हणाली. "मग माझ्या वेळी का नाही जमलं?"

बाईंचा पेन थांबला.  दादाने खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही कधी कधी वाटतं. राग आला होता, दारू होती, काहीही. पण पोरगी त्याच्याकडे डोळे लावून बसली होती, आणि नुकतंच त्याचं एक खोटं उघडं पडलं होतं.

"तिथे हात उचलला असता तर रविवार गेला असता," तो म्हणाला. "तुझ्यावर उचलला तेव्हा... काही जाईल असं वाटलंच नाही."

 बाहेर शिपाई दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारत होता. दहा वर्षांच्या मुलीला यातलं किती कळतं मला माहीत नाही, पण तिला पुरेसं कळलं. तिने आपली खुर्ची उचलली, आईच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि दादाकडे पाठ करून बसली.

बाईंनी तिला विचारलं, रविवारी पप्पांकडे जायचं आहे का.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.